रिकामी गाठ नाही ना?

१२ सप्टेंबर

ताई,

पत्राला वर काहीतरी मायना लागतो म्हणे. तो वर्गात शिकवला त्या दिवशी मी नक्की बाकाखाली पेन्सिल शोधायचं नाटक करत असणार. म्हणून नुसतंच ताई.

तुझं पत्र मिळालं. रानशाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते फार बरं केलंस. घरी आलं असतं तर आईनं न फोडता इस्त्रीखाली घातलं असतं. ती अजून तुझं नाव घेत नाही. तुझ्याबद्दल बोलायचं झालं तर 'ती' म्हणते. 'तिच्या' स्वेटरला कसर लागली, 'तिच्या' कपाची कड उडाली. पण कप फेकत नाही हं.

फोन का उचलत नाहीस असं विचारलंयस. अगं, मी कोण आहे ते विसरलीस का दोन वर्षांत? घरातला फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. तूच ना मला कुजबुज म्हणायचीस? कुजबुज अजून कुजबुजच आहे. कागदावर मात्र माझं तोंड उघडतं. समोर कुणी तोंडाकडे बघत नसतं ना.

मला काम मिळालंय हे तुला कळलं असेलच, पत्त्यावरून. रानशाळा म्हणजे चार ते सहा वर्षांची मुलं आणि जंगल. भिंती नाहीत, फळा नाही, उभं राहून मोठ्यानं वाचणं तर नाहीच नाही. एक लाकडी शेड आहे, तिच्यात शेगडी आणि ओले मोजे वाळत घालायची तार. बाकी सगळं बाहेर. पाऊस असला तरी बाहेर. मुलं चिखल कालवतात, झाडावर चढतात, काड्या सोलतात, मुंग्यांच्या मागे मागे जातात आणि त्यालाच शिकणं म्हणतात. मला असलं कुणी शिकवलं असतं तर मी नववीत शाळा सोडली नसती.

मुलं मला हळूताई म्हणतात. मी हळू बोलते म्हणून. त्यांना वाटतं ते माझं खरंच नाव आहे.

तुझा लेक, आपला भुंगा, मजेत आहे. दिवसभर घरी असतो, आईपाशी. तोंडानं गुणगुण चालूच असते, झोपेतसुद्धा. परवा त्याला पडक्या झाडाच्या सालीखाली गोगलगाय सापडली, म्हणजे आपल्या खिडकीतल्या कुंडीत. तिला त्यानं 'आजी' नाव ठेवलं. आई चिडली. मग कुणी बघत नाही असं वाटून हसली.

तुझी खोली कशी आहे? खिडकीतून काय दिसतं?

कुजबुज


४ ऑक्टोबर

ताई,

हो. आपल्या घरी कुंडी नाही. कधीच नव्हती. मला खोटंसुद्धा धड लिहिता येत नाही.

भुंगा माझ्याबरोबर रानशाळेत येतो. उन्हाळ्यापासून. आई दिवसभर लाँड्रीत उभी असते. तिथे वाफेची इस्त्री, गरम नळ्या, आणि हा खाली बसून नळ्यांशी गप्पा मारायचा. एकदा कोपर भाजता भाजता राहिलं. मग मी मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाई म्हणजे रानशाळेच्या मुख्य. विचारलं म्हणजे काय, दारात पंधरा मिनिटं उभी राहिले आणि शेवटी त्याच म्हणाल्या, "हा तुझा भाचा ना? येऊ दे. पटावर नाही घेता येणार, अजून लहान आहे. असू दे कच्चं लिंबू."

तेव्हापासून तो कच्चं लिंबू आहे. आपण लपाछपी खेळायचो तेव्हा मी असायचे ना, तसा. खेळात आहे पण राज्य येत नाही. दिसला तरी कुणी आउट करत नाही. इथे सहा वर्षांची एक मुलगी आहे, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण प्रत्येक खेळाचे नियम तिच्याकडे असतात. तिनं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "तो लपला तरी गुणगुणतो. लगेच सापडतो. मजाच जाते. म्हणून तो लिंबू. लिंबूला शोधायचं नसतं, लिंबू आपलं आपण बाहेर येतं." भुंग्यानं खालचा ओठ पुढे काढला, पण नियम म्हणजे नियम.

तू घाबरू नकोस, आम्ही फार काळजी घेतो. येताजाताना एक लांब दोरी असते. दोरीला गाठी मारलेल्या आहेत, एका मुलाची एक गाठ, ज्याची त्याची ठरलेली. निघताना मोठ्या बाई पुढून मागे वळतात आणि ओरडतात, "रिकामी गाठ नाही ना?" आणि सगळी पोरं बेंबीच्या देठापासून, "नाही!" मगच पाय उचलायचा. दोरीची मागची मोकळी शेपटी माझ्या हातात असते आणि माझं बोट भुंग्याच्या हातात. कधी चूक नाही झाली.

तू लिहिलंयस की तुला खोली मिळालीय, कामाच्या जागी पाळणाघर आहे आणि तू सत्तावीस तारखेला त्याला न्यायला येतेयस. कायमचं. आणि हेही की तोवर त्यानं जंगलात पाऊल टाकलं आणि त्याला साधं खरचटलं तरी आम्हा दोघींना तो परत दिसणार नाही.

मी आईला सत्तावीस तारीख सांगितली. तिनं शर्टाची कॉलर इस्त्रीखाली दोनदा फिरवली आणि म्हणाली, "येऊ दे की दारात. मग बघते." मी म्हटलं, काय बघतेस? तर म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस." मी मध्ये बोलले! माझ्यावर हा आळ पहिल्यांदाच आला.

ताई, तुमच्या दोघींचं भांडण नक्की कशावरून झालं हे मला आता आठवतही नाही. तू गेलीस एवढं आठवतं. आणि आई दारात उभी राहून म्हणाली होती, "बघू कोण आधी माघार घेतं." दोन वर्षं झाली, अजून बघतोय.

जंगलाचं तू म्हणतेस तसं करते.

कुजबुज


१७ ऑक्टोबर, दुपार, शेड

ताई

मी तू म्हणालीस तसं केलं नाही.

हे मुलांच्या चित्रांच्या कागदावर लिहितेय, कोळशाच्या काडीनं, पुसट दिसलं तर सांभाळून घे. मला मोठ्या बाईंनी शेडमध्ये बसायला सांगितलंय. "तू इथून हलायचं नाहीस. तो परत आला तर कुणीतरी ओळखीचं दिसायला हवं." म्हणून मी बसलेय. शेगडी चालू ठेवलीय. त्याचे सुके मोजे मांडीवर आहेत.

भुंगा सापडत नाहीये.

लिहिलं. आता पुढचं लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

जेवणाआधी आम्ही ओढ्याअलीकडच्या पडक्या झाडापाशी लपाछपी खेळत होतो. ते झाड मुळासकट आडवं झालंय, मुळांचा केवढा तरी पंखा उभा आहे नि त्याच्या पायाशी खड्डा. तिथेच राज्य घ्यायचं असतं. राज्य माझ्यावर होतं. मी डोळे मिटून आकडे म्हटले, मग शोधायला लागले. एकेक पोरगं सापडत होतं. तेवढ्यात फुग्याला, हा एक गोलमटोल मुलगा आहे, त्याला गांधीलमाशी चावली. ओठावर. त्याचा ओठ माझ्या डोळ्यांसमोर सुजत गेला आणि श्वास घरघरायला लागला. मी त्याला उचललं आणि शेडकडे पळाले. औषध शेडमध्येच असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मोठ्या बाई मागून ओरडल्या, "जा, मी आणते बाकीच्यांना!"

त्यांनी खेळ मोडला, सगळ्यांना दोरीवर घेतलं. वळून विचारलं, रिकामी गाठ नाही ना? सगळी म्हणाली, नाही! आणि खरंच नव्हती. एकही गाठ रिकामी नव्हती.

कळतंय का तुला? त्याला गाठच नाहीये.

दोरी शेडला आली तेव्हा मी फुग्याच्या ओठावर गार पाण्याची पट्टी धरून बसले होते. मला वाटलं भुंगा दोरीबरोबर येतोय. त्यांना वाटलं माझ्याबरोबर गेलाय. मी वर बघितलं, शेपटी जमिनीवरून घासत येत होती. तिला पाचोळा चिकटला होता. मी विचारलं, भुंगा? मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्याजवळ ना?"

फुगा बरा आहे. त्याला दवाखान्यात नेलं, बाकीच्यांना त्यांचे आईबाप येऊन घेऊन गेले. प्रत्येक आई माझ्याकडे बघत होती आणि आपलं पोर छातीशी धरत होती. वकीलबाई जाता जाता म्हणाली, "हळूताई, लिंबू आपलं आपण येतं." तिच्या आईनं तिला ओढत नेलं.



पोलीस आलेत. जंगलखात्याचे दोघे आलेत. त्यांच्यातल्या एकाकडे कर्णा आहे. भुंग्याचं नाव जंगलभर घुमतंय. आपण घरात कधी घेत नाही ते खरं नाव. त्याला तरी कळतंय का ते त्याचं आहे म्हणून.

एक पोलीस येऊन गेला. त्यानं विचारलं, कपडे कोणते? मी सांगितलं. बोलता येतं का त्याला? येतं. हाक मारली तर ओ देतो का? देतो. "मग आत्ता का देत नाही?" असं तो मला विचारत होता. मी मांडीवरच्या मोज्यांची घडी घातली. तो म्हणाला, "तुला ऐकू येतंय ना, बाळ?"

धुकं खाली उतरायला लागलंय. ओढ्याच्या बाजूला जास्त आहे.

मी कान देऊन बसलेय. गुणगुण ऐकू येईल म्हणून. तो झोपेतही गुणगुणतो, मग आत्ता का नाही? मला भलतंसलतं सुचतंय. सकाळी तो मला काहीतरी म्हणाला होता. ते नंतर सांगते.



आई आलीय. लाँड्रीतून तशीच, पायात घरातल्या सपाता. मला वाटलं मला मारेल. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ झाडीत शिरली आणि ओरडायला लागली, "बाहेर ये म्हणते ना! येतोस की मी येऊ?" मोठ्या बाई तिला सावरायला गेल्या तर तिनं हात झटकला. "तुमची दोरी बघितली मी," म्हणाली.

मोठ्या बाई आत आल्या होत्या. त्यांनी शेगडीशी हात धरले. म्हणाल्या, "सगळी चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस." मग दोरी खुंटीवरून काढली, परत अडकवली, परत काढली.

ताई, हे पत्र तुला पाठवणार की नाही मला माहीत नाही. पाठवलं तर तो तुझा, सत्तावीस तारखेला. नाही पाठवलं तरी तुला पोलीस कळवतीलच. तुझा नंबर त्यांनी माझ्याकडे मागितला. माझ्याकडे नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. सख्ख्या बहिणीचा नंबर नाही?



बूट सापडले.

लाल गमबूट. ओढ्याजवळ. कर्णावाला धावत आला, पोलिसाच्या कानात बोलला. पण मला ऐकू येतं ना, आयुष्यभर मी ऐकायचंच काम केलंय. आता ओढ्यात माणसं उतरवतायत. बांबू घेऊन. आई काठावर बसलीय असं म्हणत होते. ओरडायची थांबलीय.

बूट मला ओळखायला आणून दाखवले. त्याचेच. आतून कोरडे. मी विचारलं कसे होते. पोलिसाला ऐकू गेलं नाही. परत विचारलं. तो म्हणाला, "कसे म्हणजे? एका दगडावर, जोडीनं ठेवलेले होते."

जोडीनं.

सकाळचं सांगते आता. सकाळी येताना तो म्हणाला, "मावशी, आज मला खरं खरं शोध. लिंबूसारखं नाही." मी म्हटलं, हो. मग गुणगुणायचं नाही, तोंड मिटायचं, नाकानं हळूच श्वास घ्यायचा, झाडासारखं बसायचं. कसं ते मीच त्याला वाटेवर शिकवलं. मी त्यात पटाईत आहे ना. शाळेत बाईंची नजर फिरली की मी अशीच झाड व्हायचे. त्यानं लगेच करून दाखवलं. चांगलं जमलं. मग म्हणाला, "पण बूट चपक चपक वाजतात." मी म्हटलं, हो रे, बूट तर वाजतात.

ताई, तो हरवलेला नाहीये. तो लपलाय.

खेळ मोडला हे त्याला कुणी सांगितलंच नाही. लिंबूला कोण सांगतं? आणि आता बघ ना, अख्खं जंगल त्याला शोधतंय. कर्णा, पोलीस, आजी. जितकं ओरडतील तितका तो झाड होऊन बसेल. त्याला वाटत असेल, आता कुठे मला खरं शोधतायत.

थंडी वाढलीय. पायात काही नाही त्याच्या.

मला हलायचं नाही असं सांगितलंय. जाते.


१८ ऑक्टोबर

ताई,

आधी हे वाच. भुंगा घरी आहे, आईच्या कुशीत झोपलाय, गुणगुणतोय. डॉक्टरनं बघितलं. पाय गार पडले होते, बाकी काही नाही. पोटरीवर खरचटलंय, दोन बोटं लांब. साधं खरचटलं तरी असं तू लिहिलं होतंस, म्हणून सांगते.

आता पुढचं.

मी शेडमधून पळत ओढ्यावर गेले. पोलिसाची बाही धरली. म्हटलं, त्यांना ओरडायचं थांबवा. तो म्हणाला, "काय?" मी परत म्हटलं. तो खाली वाकला, "मोठ्यानं बोल, बाळ, पाण्याचा आवाज आहे." बांबू पाण्यात खुपसले जात होते. दर वेळी खुपसला की आई डोळे मिटायची. मी वर्गात उभं केल्यासारखी उभी होते. तू मला आरशासमोर उभी करून धडा वाचायला लावायचीस, आठवतं? तेव्हा नाही जमलं, ताई. काल मी ओरडले. "पाण्यात नाहीये तो! लपलाय! तुम्ही शोधताय म्हणून लपलाय!"

सगळे थांबले. माझा आवाज कसा आहे ते मला कालच कळलं. जरा फाटका आहे.

मग मी सांगितलं. लिंबू, राज्य, बूट, सगळं, भराभर आणि उलटसुलट. कर्णावाला म्हणाला, "पोरखेळ आहे का हा?" मोठ्या बाई म्हणाल्या, "हो. पोरखेळच आहे. तिचं ऐका." पोलिसानं बांबूवाल्यांना सांगितलं तुम्ही थांबू नका, आणि मला विचारलं, "बरं, मग हा खेळ संपतो कसा?"

मी म्हटलं, ज्याच्यावर राज्य आहे त्यानं हरले म्हणायचं असतं.

पडक्या झाडापाशी गेलो. जिथून खेळ सुरू झाला तिथेच संपवायला हवा ना. कर्णा बंद केला. किती शांत झालं म्हणून सांगू! पानावरून पाणी गळालेलं ऐकू येत होतं. मी राज्याच्या जागी उभी राहिले आणि ओरडले, "भुंग्या, मी हरले! तू जिंकलास! ये बाहेर!"

काही नाही.

परत ओरडले. काही नाही. पोलीस घड्याळ बघायला लागला. तेव्हा मात्र मी घाबरले. वाटलं, मी स्वतःला गोष्ट सांगत होते शेडमध्ये बसून. बूट जोडीनं ठेवूनसुद्धा पोर पाण्यात जाऊ शकतं की. आणि माझ्यामुळे त्यांनी अर्धा उजेड घालवला.

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "आज तुझ्या एकटीवरच राज्य आहे का गं? शोधत तर सगळेच होते." आणि त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली, "मीही हरले!" मग जंगलखात्याचा दुसरा माणूस, मिशीवाला, लाजत लाजत, "हरलो बुवा." पोलिसानं इकडेतिकडे बघितलं, टोपी काढली. "हरलो." कर्णावाल्यानं कर्णा पाठीमागे धरला आणि पुटपुटला, "हरलो."

आई राहिली.

ती आडव्या खोडावर बसली होती, सपाता चिखलानं भरलेल्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आई, म्हण ना. ती म्हणाली, "मी उभ्या जन्मात कुणाला हरले नाही."

"आई, अंधार पडतोय."

तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं रागानं. तर तिची हनुवटी हलत होती. अगदी बारीक आवाजात, ताई, माझ्यासारख्या, कुजबुजल्यासारखं म्हणाली, "हरले रे. हरले बाबा मी. ये आता."

आणि तिच्या पायाशी पाचोळा हलला.

मुळांच्या पंख्याखालचा तो खड्डा. मुलांनी आठवडाभर त्यात पाचोळा भरून अस्वलाचं घर केलंय. सगळ्यांनी त्यात डोकावून बघितलं होतं, एकानं काठीसुद्धा घातली होती. हा पार आत, मुळांच्या मागे. पाचोळ्यातून एक हात बाहेर आला, काळाकुट्ट, आणि त्यानं आईच्या टाचेवर थाप मारली.

"धप्पा!"

आई किंचाळली. मग तिनं त्याला बखोट धरून ओढून काढलं, छातीशी आवळलं, एक धपाटा घातला, परत आवळलं. तो म्हणत होता, "आजी, काठी माझ्या पायाला लागली तरी मी बोललो नाही!" आणि मग माझ्याकडे बघून, "मावशी, मी लिंबू नाही ना आता?" मी त्याच्या केसांतला पाचोळा काढत राहिले. पोलीस म्हणाला, "नाही रे, तू तर सगळ्यांचा बाप निघालास." आणि नाक शिंकरलं.

मी त्याला विचारलं, मी हरले म्हटलं तेव्हा का नाही आलास? तर म्हणाला, "आजी शोधत होती ना. आजीनं कुठे म्हटलं होतं?"

आज सकाळी मोठ्या बाई घरी आल्या होत्या. दोरी घेऊन. शेपटीला एक नवीन गाठ मारलीय. म्हणाल्या, "तो येवो न येवो, गाठ राहील. आणि चौकशी होईल, त्यात मी माझं नाव सांगणार आहे, तुझं नाही." कदाचित रानशाळा काही दिवस बंद राहील. मला कामावर ठेवतील का माहीत नाही.

तू म्हणशील, शेवटी सापडला म्हणून गोष्ट गोड करून सांगते. नाही. तो त्या खड्ड्यात थंडीत एकटा होता, बोटं निळी पडेपर्यंत, आणि तू नको म्हणालीस तरी मी त्याला नेलं होतं. कालचं पत्र याच पाकिटात घालतेय, काळ्या डागांसकट. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. तू सत्तावीस तारखेला येऊन त्याला घेऊन गेलीस तर मी मध्ये बोलणार नाही. म्हणजे, आता बोलता येतं, पण बोलणार नाही.

फक्त एक सांगायचंय. मघाशी आई त्याचे पाय गरम पाण्यात शेकत होती. त्यानं विचारलं, "आजी, माझी आई पण लपलीय ना?" आई पाणी घालत राहिली. "मग तू तिला पण हरले म्हण ना. तू म्हटलंस की येते बाहेर."

मी लिहिता लिहिता थांबले. वाटलं आता भांडं आपटेल. तिनं त्याचे पाय पुसले. बोटांच्या मधून सुद्धा, सावकाश. मोजे चढवले. त्याला अंथरुणात घातलं. मग माझ्या समोर येऊन बसली. मी हेच पत्र लिहीत होते, झाकलं नाही. तिनं वाचलं नाही, पण कागदाकडे बघत होती. मी विचारलं, आई, तुझ्याकडून काही लिहू का?

ती उठली, तुझा तो कड उडालेला कप फडताळातून काढला, धुतला, पालथा घातला.

"पत्ता नीट लिही," म्हणाली. "माझं परत आलं होतं."

कुजबुज